तिसऱ्या बरणीचा रंग

सुभद्राच्या आगळाचं नाव तळेऱ्यापासून पार कुणकेश्वरापर्यंत होतं, आणि हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. पाहुण्याने सोलकढीची वाटी तोंडाला लावून अजून 'वा' म्हटलेलंही नसायचं, तोवर ही दारातून सांगून मोकळी, "आगळ आमचां हां, घरचां!" मग पाहुण्याला वा म्हणण्यावाचून इलाज नसे.

पिकलेले रातांबे फोडायचे, बियांसकट जाड्या मिठाच्या थरांत बरणीत भरायचे, की आठ-नऊ दिवसांत लालभडक रस सुटतो. तेच आगळ. ऐकायला सोपं, पण सुभद्रापाशी त्याचे कायदे होते. सात चिनीमातीच्या बरण्या, मागच्या खोलीत, भिंतीशी ओळीने. प्रत्येक बरणीत वरून गोल फळी आणि फळीवर नदीतला गुळगुळीत गोटा, म्हणजे सोलं, रातांब्याची सालं, रसाखाली दबून राहतात. रोज सकाळी फळी काढून लाकडी डवलीने तळापर्यंत ढवळायचं आणि पुन्हा दाबून ठेवायचं. आणि सगळ्यात मोठा कायदा असा की, ज्या बाईचे दिवस चालू असतील तिने त्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही. हा सासूने घातलेला होता. लग्नानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात सासूने तिला चार दिवस पडवीत बसवलं होतं, तेव्हा सुभद्रा मनातल्या मनात खूप चरफडली होती. पुढे सासू गेली, बरण्या हिच्याकडे आल्या, आणि चरफडणं कुठे विरलं ते तिचं तिलाही कळलं नाही. राखणीला आता तीच बसली.

यंदा मात्र एक गोष्ट तिने घरात कुणालाच सांगितली नव्हती. फेब्रुवारीपासून तिचा उजवा खांदा धरला होता. हात वर जाईना, आणि जड उचलायला गेलं की डोळ्यांपुढे काजवे चमकत. सात बरण्या रोज ढवळणं तिच्याच्याने होणार नव्हतं. पण दुखतं म्हणून सांगायचं तर नवरा विश्राम लगेच म्हणणार, "मगे सोड तां आगळ." म्हणून तिने धाकट्या जावेला हाक मारली आणि वर उपकार केल्यासारखं सांगितलं, "भार्गवी, यंदा तुका शिकवतंय. माज्यामागून कोणतरी करूक व्हयां मां?"

भार्गवी कणकवलीची. दोन वर्षांपूर्वी यज्ञेशशी लग्न होऊन या वाडीत आली, पण रुळली नव्हती. बोलायची मोजकं, हसायची त्याहून मोजकं. रातांबे फोडायला बसली आणि पहिल्यांदाच मोकळी झाली. कोपरापर्यंत लाल झालेले हात पुढे करून म्हणाली, "वयनी, ह्यां बघा, लग्नात सुद्दा माजी मेंदी इतकी रंगाक नाय होती!" सुभद्राला ते आवडलं. पोरीचा हातही चांगला होता, रातांबा एका दाबात बरोबर मधोमध फोडायचा. ही शिकली तर आपलं आगळ आपल्याबरोबर संपणार नाही, असं सुभद्राला वाटलं, आणि त्या रात्री कितीतरी दिवसांनी ती खांद्याचा विचार न करता झोपली.

नवव्या दिवशी मागचं दार सताड उघडून उजेडात बरण्या उघडल्या. त्या दिवशी शेजारची तुळसा हटकून येते. मदतीला म्हणून येते, पण तिचा खरा भर तोंडाच्या कामावर असतो. पहिली बरणी लालबुंद, दुसरी तशीच. तिसरीतली फळी सुभद्राने आदल्या संध्याकाळीच काढून ठेवली होती, आता वरचं फडकं सोडलं आणि तिचा हात तिथेच थांबला. आत काळपट, जांभळट, चिखलाच्या रंगाचं काहीतरी होतं.

"काय गो सुभद्रा," तुळसा वाकून म्हणाली, "ह्यां आगळ आसा काय गाडयेचां ऑइल?"

उरलेल्या चारही बरण्या सुभद्राने भराभरा उघडल्या. चारही लाल. तुळसाने आवाज खाली आणला, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकाच. "कोणाचो हात लागलो तां बघ. काय नसताना असां होणा नाय."

कुणी काही बोलण्याआधी भार्गवीच बोलली. "गुरवारपासून माजे दीस होते. मी रोज ढवळलंय. आमच्या घराकडे ह्यां कोणी पाळणत नाय, माज्या मनातसुद्दा इलां नाय."

लपवलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण तिने सांगितलं, सरळ, मान वर करून. आणि सुभद्राच्या तोंडून निघून गेलं, "माज्या वीस वर्सांच्या हाताक तू काळां फासलंस. परत ह्या खोलयेत पाय घालू नको."

भार्गवीने डवली खाली ठेवली. "बरां," एवढंच म्हणाली. न्हाणीत जाऊन हात धुतले. लाल रंग काही निघाला नाही, तरी बराच वेळ धूत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती चार दिवस म्हणून कणकवलीला माहेरी गेली.

घरात हा प्रकार चाललेला असताना एक व्यक्ती वही घेऊन सगळ्यांच्या मागेमागे फिरत होती. सुभद्राची मुलगी तेजस्वी, तेरा वर्षांची, आठवीत जाणारी. विज्ञानाच्या दत्तप्रसाद सरांनी सुट्टीचा अभ्यास दिला होता: घरातले दहा बदल शोधा, प्रत्येक बदल भौतिक की रासायनिक ते लिहा आणि कारण द्या. तेजस्वीने आईचं डोकं उठवलं होतं. मीठ पाण्यात विरघळलं, भौतिक, कारण पाणी आटवलं की मीठ परत मिळतं, पदार्थ तोच राहिला. सोलं उन्हात सुकली, भौतिक, नुसतं पाणी गेलं. चुलीत लाकडाची राख झाली, रासायनिक, कारण राखेचं परत लाकूड होत नाही, पदार्थच नवा तयार झाला. कोयत्याला गंज चढला, तेही रासायनिक.

"आमी इतकी वर्सां रांधतंव," सुभद्रा म्हणायची, "आमका कोणी मार्क दिल्यानी नाय."

काकी गेली त्या दिवशी तेजस्वी वही घेऊन आईसमोर येऊन बसली. "आये, नववो बदल लिवलंय. आगळ काळां झालां. रासायनिक. पण कारण काय लिवू?"

"तुका ठावक आसा कारण."

"तां नाय चलाचां. काकीन सातय बरणयो ढवळल्यान, एकाच हातान, एकाच डवलेन. मगे एकच कशी काळी झाली?"

सुभद्रा म्हणाली, "देव खूण दाखवता ती एकाच जाग्यार दाखवता. सगळीकडे दाखवूक तेका येळ खंय आसा?"

तेजस्वीने ते काही वहीत लिहिलं नाही. पहिल्या बरणीतलं चांगलं आगळ मागून घेतलं, काचेचे पाच पेले खिडकीत मांडले आणि प्रत्येकावर चिकटपट्टीवर नाव लिहिलं. पहिल्यात काहीच घातलं नाही. "ह्यो नुसतो. बाकीच्यांका ह्येच्यासरी बघूचां," तिने समजावलं. दुसऱ्यात यंदाच्या नव्या पोत्यातलं मीठ, तिसऱ्यात विहिरीचं पाणी, चौथ्यात एक लोखंडी खिळा. "एका पेल्यात एकच गोष्ट बदलूची, नायतर कोणामुळे झालां तां समजाचां नाय."

"आणि पाचवो?"

तेजस्वीने हात धुतले, पुसले, आणि आईच्या डोळ्यांदेखत तर्जनी पाचव्या पेल्यात बुडवून गोल फिरवली. "माजे कालपासून चालू आसत."

"तुज्या जिभेक काय हाड!" सुभद्रा ओरडली खरी, पण पेला ओतून टाकायला तिचा हात पुढे झाला नाही. भीती वाटत होती आणि बघायचंही होतं. पुढचे चार दिवस ती येता-जाता खिडकीशी थांबायची. बाकीच्या चार पेल्यांकडे ओझरतं, पाचव्याकडे नीट. चौथा पेला, खिळ्याचा, दुसऱ्याच दिवशी काळवंडला. थेट तिसऱ्या बरणीचा रंग. पाचवा मात्र चौथ्या दिवशीही तसाच लाल. आपल्या लेकीच्या बोटाने काही नासलं नाही याचा सुभद्राला आनंद झाला, मोठा आनंद झाला, आणि तो झाला म्हणून तिला कसंतरीच वाटलं.

"झालां?" ती तरी म्हणालीच. "आमच्या बरणीत खिळो खंय होतो?"

"खिळोच कशाक व्हयो? लोखंड कशातय आसता. सर म्हणतत, पदार्थात काय काय आसा तां वरसून बघून समजणा नाय." तेजस्वीने पेन्सिल चावली. "आये, डवली लाकडाची. फळी लाकडाची. धोंडे? सगळे न्हयतले मां?"

"व्हय," सुभद्रा म्हणाली. "सगळे न्हयतले."

हे खोटं होतं, आणि बोलता बोलताच ते तिला कळलं. बरण्या भरल्या त्या दिवशी तिसरा गोटा तिच्या हातून निसटला होता. खांद्यात कळ आली, गोटा पायरीवर पडून दुभंगला. भार्गवी तेव्हा विहिरीवर होती. नदीवर जाऊन दुसरा गोटा उचलून आणायचा तर खांद्याचं गुपित फुटणार. घरामागच्या परड्यात नव्या न्हाणीच्या बांधकामातून उरलेले तांबड्या जांभ्या चिऱ्याचे तुकडे पडले होते. त्यातला एक तळहाताएवढा तिने उचलला, पाणी नितळ येईपर्यंत खसाखसा धुतला आणि बरणीत ठेवला. धोंडा तो धोंडा. भार्गवी रोज तो बाजूला काढून ढवळायची, पण नदीच्या गोट्याचा कायदा तिला अजून सांगितलेला नव्हता, आणि त्या खोलीत दिवसाही अंधार, रस नीट दिसायचा नाही. उघडायच्या आदल्या संध्याकाळी फळी आणि चिरा तिने गुपचूप काढून ठेवला तो एवढ्याचसाठी, की इतकी वर्षं नदीच्याच गोट्याचा कायदा सांगणाऱ्या बाईने चिरा वापरला असं तुळसा गावभर करेल. त्या वेळी संध्याकाळच्या अंधुक उजेडात तिने रस पाहिलाही नव्हता.

दुपारी सगळी आडवी झाल्यावर ती परड्यात गेली. चिरा फेकला होता तिथेच होता. उलटा केला तर ती दचकली. आगळात बुडालेली बाजू फिकट, पिवळट पडली होती, जशी जुन्या साडीची उन्हातली घडी. मग यातला तांबडा रंग गेला कुठे? शेजारीच दगडी गडग्याला कोयता टेकवलेला होता, त्याच्या पात्यावर गंज चढलेला. सुभद्राने चिऱ्याची न भिजलेली बाजू पात्याजवळ धरली. तोच तांबडा. जन्मभर या दोन गोष्टी तिच्या हातांखालून जात होत्या आणि शेजारी शेजारी धरून तिने त्या कधी पाहिल्या नव्हत्या.

तिने चिऱ्याचा एक तुकडा फोडून लोणच्याच्या रिकाम्या बाटलीत टाकला आणि वर चांगलं आगळ ओतलं. मग लेकीचं आठवलं. दुसरी बाटली घेतली, तिच्यात नदीच्या फुटलेल्या गोट्याचा तुकडा टाकला, तेवढंच आगळ. दोन्ही बाटल्या तांदळाच्या डब्यामागे लपवल्या. चोरून सिगरेट ओढणाऱ्या कॉलेजच्या पोरासारखी ती दिवसातून तीनदा डब्यामागे डोकावू लागली.

तिसऱ्या दिवशी यज्ञेश जेवताना म्हणाला, "दादा, आमी कणकवलीक खोली बघतंव. भार्गवीक हय येवचां नाय. मी थयसून कामाक येय-जाय करीन."

विश्रामने घास गिळला. "करा काय तां," म्हणाला, आणि सुभद्राकडे पाहिलंही नाही. ते न पाहणं तिला जास्त लागलं. एका बरणीपायी घराची दोन घरं होत होती. आणि कदाचित त्या बरणीतला दोष डब्यामागे बाटलीत बसला होता.

सहाव्या दिवशी सकाळी तिने बाटल्या उजेडात धरल्या. गोट्याची लाल होती. चिऱ्याची काळी.

ती तिथेच पाटावर बसली. आता काय करायचं ते तिच्या हातात होतं. बाटली मोरीत ओतली की संपलं, जगात कुणाला कळणार नव्हतं. भार्गवीला फोन करून म्हणता येत होतं, 'झालां गेलां विसर, ये घराक.' शब्द चांगले होते, मोठ्या मनाचे वाटले असते. पण मग भार्गवी या घरात माफ केलेली म्हणून आली असती. जन्मभर माफ केलेली. आणि तुळसाच्या तोंडी दर मे महिन्यात ती गोष्ट राहिली असती. उद्या तेजस्वी मोठी होऊन कुणाच्या घरात गेली आणि कुणी तिच्या बोटाकडे असंच पाहिलं तर? सुभद्राला स्वतःची इतकी लाज वाटली की कान गरम झाले.

"तेजू," तिने हाक मारली. "चिऱ्यात लोखंड आसता काय गो?"

तेजस्वी बाटली बघून धावतच आली. "आसता! म्हणान तर तो तांबडो. आमची माती पण त्याचसाठी तांबडी. लोखंडाचो गंजच तो, दगडात मुरललो. आणि आगळ आंबट, म्हणजे आम्ल. आम्ल तेच्यातलां लोखंड काढून घेता. मगे लोखंड आणि सोलांचो रंग एकत्र येवन नवीनच काळो पदार्थ होता." ती थांबली. आईच्या तोंडाकडे बघितलं. "तू सांगलंस सगळे धोंडे न्हयतले."

"खोटां सांगलंय."

तेजस्वीने आत जाऊन वही आणली आणि नवव्या बदलापुढे कारण लिहायला घेतलं. त्यापेक्षा ती चार शब्द बोलली असती तर सुभद्राला बरं वाटलं असतं.

"ह्यां परत लाल होयत?" सुभद्राने विचारलं.

"नाय. रासायनिक बदल आसा. ह्यां आता परत पयल्यासारखां व्हवचां नाय."

दोन्ही बाटल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत घातल्या आणि सुभद्राने तळेऱ्याहून कणकवलीची एसटी धरली. वाटभर पिशवी मांडीवर. शेजारच्या बाईने विचारलं, "औषद काय?" सुभद्रा म्हणाली, "तसांच."

भार्गवीच्या आईने दार उघडलं, पाणी दिलं, पण बसा म्हणायला जरा वेळ लावला. भार्गवी आतून आली आणि भिंतीशी उभी राहिली. सुभद्राने वाटेत चार प्रकारची सुरुवात ठरवली होती, त्यातली एकही आठवली नाही. तिने टेबलावर बाटल्या मांडल्या.

"हेच्यात न्हयचो गोटो आसा, हेच्यात जांभो चिरो. आगळ दोनांत एकच, पयल्या बरणीचां. तिसऱ्या बरणीत चिरो मी घातललंय. माजो खांदो धरलो हा फेब्रुवारीपासून, गोटो हातातसून पडलो, कोणाक सांगूक लाज वाटली. तुज्या हातान काय झालां नाय, भार्गवी. माज्या हातान झालां, आणि बोललंय मी तुका."

भार्गवीने काळी बाटली उचलली, उजेडात तिरकी केली.

"तुमका कदी समाजलां?"

"संशय इलो त्येका सहा दीस झाले. खात्री आज झाली."

"सहा दीस," भार्गवी म्हणाली. "वयनी, हे सहा दीस मी हय काय करत होतंय म्हायत आसा? मोजत होतंय. खंयच्या दिवशी कितीदा ढवळलंय, तिसऱ्या बरणीत हात जास्त लागलो काय. मी शिकललंय, कॉम्प्युटरार काम केलंय, असल्या गोष्टींक हसणारी. आणि माका खरांच वाटाक लागललां की माज्यातच कायतरी वायट आसा."

सुभद्राला रडू आलं. कुणापुढे रडायची तिची पद्धत नव्हती, त्यातून जावेच्या माहेरी तर नाहीच, पण आलं ते आलं. भार्गवीच्या आईने मघाशी राहिलेलं 'बसा' आता म्हटलं आणि चहा टाकायला आत गेली.

चहा पिऊन झाल्यावर भार्गवी म्हणाली, "मी येतंय. पण एक सांगतंय. माका लपवून रवाचां नाय. दीस आसले की सांगान, आणि त्याच दिवशी आगळ ढवळीन. तुमका जमता तर सांगा, नायतर खोली बघूनच ठेवली हा."

"जमात," सुभद्रा म्हणाली. कणकवलीत, चहाच्या कपापुढे, ते म्हणणं फार सोपं गेलं.

भार्गवी परत आली. खोलीचा विषय यज्ञेशने काढला नाही आणि कुणी विचारलाही नाही. सुभद्राने तुळसाला चिऱ्याचं सगळं सांगितलं, दोन्ही बाटल्या दाखवल्या. तुळसाने त्या हातात घेतल्या, वास घेतला आणि निकाल दिला, "आसात बाबा. पण सांभाळून रवलेलां बरां." विश्रामने बायकोला कोलगावच्या हाडवैद्याकडे नेलं नाही, सरळ कणकवलीच्या डॉक्टरकडे नेलं, आणि तिने खांदा लपवला म्हणून महिनाभर पुरेल इतकं बोलून घेतलं.

घळणीतलं, उतारावरच्या सावलीतलं रातांब्याचं झाड दरवर्षी उशिरा पिकतं. त्याचे रातांबे जूनच्या सुरुवातीला उतरले आणि पुन्हा दोन बरण्या भरल्या. गोटे नदीवरून तेजस्वीने आणले, प्रत्येक गोटा पांढऱ्या फडक्यावर घासून तांबडा डाग पडतो का ते बघितलं आणि मगच आईच्या हातात दिले. तिसऱ्या सकाळी सुभद्रा मागच्या खोलीत फडकी सोडत होती. मागच्या पायरीवर तुळसा फणसाच्या आठळ्या सोलत बसली होती. भार्गवी आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. तेजस्वी तिच्या पाठीमागे.

"वयनी," भार्गवी म्हणाली, नेहमीच्या आवाजात, तुळसाला ऐकू जाईल असं, "आज माजो पयलो दीस."

तुळसाची आठळी हातात राहिली.

पाच पेले सुभद्राने डोळ्यांनी पाहिले होते, दोन बाटल्या स्वतःच्या हाताने भरल्या होत्या, तेरा वर्षांच्या पोरीने समजावलं ते सगळं समजलं होतं. तरी वीस वर्षांची भीती मनात जशीच्या तशी बसून होती, आणि समोर दोन बरण्या भरलेल्या होत्या, यंदाच्या शेवटच्या. भार्गवी उंबऱ्याच्या पलीकडून तिच्याकडे बघत होती. ती घाई करत नव्हती आणि मदतही करत नव्हती.

"हात धुवलंस?" सुभद्राने विचारलं.

"व्हय."

"मगे ये." भार्गवी आत आली, डवलीकडे वळली. सुभद्राने डवली उचलून मागे ठेवली. "ती नको. हातान ढवळ. कोपरापर्यंत घाल."

भार्गवी तिच्याकडे बघतच राहिली. मग तिने बाही वर केली, बांगड्या मागे सारल्या आणि हात बरणीत घातला, तळापर्यंत, सावकाश. तुळसा पायरीवरून उठायला लागली.

"बस गो तुळसा," सुभद्रा म्हणाली. "अजून दुसरी बरणी रवली हा. ती पण बघून जा."

तुळसा बसली. भार्गवीने हात बाहेर काढला, कोपरापासून रस ठिबकत होता, आणि दुसऱ्या बरणीकडे वळली. उंबऱ्याबाहेर तेजस्वी उभी होती. तिने एकदा आईकडे पाहिलं. सुभद्राने नुसती मान हलवली, तशी तीही आत आली.